गच्चीवरचा लंपन

रविवार, रात्री पावणेअकरा. शहापूर, बेळगाव.

आज अण्णांना लागेल असं बोलले. वाद नेहमीचाच. दर रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, कुणी काय वाचलं, कुणी काय बघितलं यावर आम्ही तावातावाने बोलतो आणि आठला आपापल्या घरी जेवायला जातो. कुणी मनात धरत नाही. पण आज मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही ती मालिका बघितलीच नाही. मग मत कसलं देताय?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते पावसाकडे बघत बसले. पत्र्यावर इतका आवाज होता की दोन मिनिटं कुणालाच बोलायची गरज पडली नाही.

विषय लंपनचा होता. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला, आजी-आजोबांकडे वाढणारा तो मुलगा, 'वनवास' हे त्याचं पहिलं पुस्तक. जुलैत तो आमच्याकडे निघतोच. १३ जुलै २००० ला कवयित्री इंदिराबाई संत गेल्या आणि १५ जुलै २००३ ला त्यांचा मुलगा, प्रकाश नारायण संत. मायलेकांचे दिवस असे लागून येतात. अण्णा दरवर्षी त्या आठवड्यात 'वनवास' काढतात. त्यांचं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं. त्यांच्या प्रतीची बांधणी सुटली होती, ती त्यांनी घरीच शिवून, खळ लावून पक्की केली आहे. ती प्रत ते कुणाला देत नाहीत. मी पहिल्यांदा 'वनवास' वाचलं ते सार्वजनिक वाचनालयातून आणून, तेव्हा राणी पार्वतीदेवी कॉलेजात, म्हणजे आरपीडीला, शिकत होते. ज्या कॉलेजात पुलंनी शिकवलं तिथे आपण शिकतो याचा तेव्हा फार अभिमान असायचा, आजही आहे. आणि १८४८ सालच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक हातात घेतलं की मला अजून ते दोन्ही हातांनी धरावंसं वाटतं. लंपन वाचला आणि पहिल्यांदा कळलं की आपल्या घरात जसं बोलतात तसं पुस्तकातही बोलता येतं. तोवर पुस्तकातलं मराठी म्हणजे पुण्याचं, आणि आपलं ते घरात बोलायचं, अशी माझी पक्की समजूत होती.

आता भाचीचं सांगते, कारण वाद तिच्यावरूनच झाला. ताई आणि भावोजी दोघं नोकरीला हुबळीत. जूनपासून लेक आमच्याकडे आहे, आठवीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गात कानडी आहे. मराठी बोलते झकास, पण वाचताना अक्षरावर बोट ठेवून वाचते. सीमाभागात अशी किती मुलं आहेत ते इथल्या कुणालाही विचारा. गेल्या आठवड्यात मी तिला 'लंपन' मालिका दाखवली. निपुण धर्माधिकारींनी केलेली, मे २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली ती. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब सिरीजचं पारितोषिकही मिळालं. दोन भाग झाले आणि पोरगी गप्प झाली. मग मला विचारते, "मावशी, त्याला पण ठेवून गेले?"

काय उत्तर द्यावं? "हो की," म्हटलं. तिने पुढचा भाग लाव म्हणून हात केला.

सगळे भाग संपल्यावर तिने पुस्तक मागितलं. मला इतका आनंद झाला की आज गच्चीवर मी तो सगळ्यांना सांगितला. आणि अण्णा म्हणाले, "वाईट केलंस. आता तिला तिचा लंपन कधी दिसणार नाही. ते मालिकेतलं पोरगंच दिसणार."

मला राग आला तो इथे. मालिका नसती तर तिने पुस्तक उघडलंच नसतं, हे मी सांगितलं. गीतांजली कुलकर्णींनी केलेली आजी मी मन लावून बघितली आहे. माया करताना ती कुठेही ती दाखवायला जात नाही, आणि आमच्या आज्या अशाच होत्या. चंद्रकांत कुलकर्णींचे आजोबाही मला आपले वाटले. मिहिर गोडबोले या मुलाचे डोळे बघून मला काही प्रसंगांत पुस्तक विसरायला झालं, आणि माझ्यासारखीला ते विसरायला होणं ही मोठी गोष्ट आहे. हे सगळं मी एका दमात म्हटलं आणि वर ते न बघता मत देण्याचं वाक्य टाकलं.

आता रात्री शांतपणे विचार करतेय तर अण्णांच्या म्हणण्यातलं खरं किती ते दिसतंय. लंपनच्या गोष्टीत जे काही आहे ते लंपनच्या डोक्यातून येतं. त्याचं वाक्य सुरू होतं आणि एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं निघत जातं, जसं मूल धापा टाकत सांगतं. कुठलीही गोष्ट त्याला 'मॅड' वाटते, आणि त्या एका शब्दात आनंद, लाज, भीती, त्याची मैत्रीण सुमी, सगळं मावतं. कॅमेरा कितीही जवळ नेला तरी तो त्या पोराच्या बाहेरच उभा राहतो. चेहरा दिसतो आणि डोक्यातलं आपण ओळखायचं. पुस्तकात मला लंपनचा चेहरा कधी दिसलाच नव्हता, कारण मी त्याच्या आत बसून बाहेर बघत होते. अण्णांना हेच म्हणायचं होतं बहुतेक. ते म्हणाले नाहीत, पण पंचवीस-तीस वेळा जो माणूस ते पुस्तक वाचतो त्याला हे माझ्याआधी कळलेलं असणार.

कोंडी फोडली ती शेजारच्या अक्कांनी. अक्का बैलहोंगलच्या, घरात कानडी. मराठी बोलतात आमच्यासारखंच, पण देवनागरी वाचायचा त्यांना कंटाळा आहे. त्यांनी चुरमुऱ्याची वाटी अण्णांपुढे सरकवली आणि मला म्हणाल्या, "तू भैरप्पांचं 'पर्व' कुठं कानडीत वाचलीस? मग माझ्याशी कुंतीवरून महिनाभर कशी भांडलीस?"

खरं आहे. 'पर्व' ही भैरप्पांची महाभारतावरची कानडी कादंबरी मी अनुवादक उमाताई कुलकर्णींच्या मराठीतून वाचली, अक्कांनी मूळ कानडीतून. माझं म्हणणं होतं कुंतीचं दुःख सगळ्यात जड आहे, त्यांचं म्हणणं द्रौपदीचं. महिनाभर आमच्यातली एकही माघार घेईना. भैरप्पांनी त्या सगळ्यांचं देवपण आणि चमत्कार काढून टाकले आणि एकेकाला आपलं आपलं बोलायला बसवलं, म्हणून तर आम्हाला त्या बायका गल्लीतल्या वाटतात आणि त्यांच्यावरून भांडता येतं. त्या महिन्यात दोघींपैकी कुणालाही वाटलं नाही की आपण वेगवेगळी पुस्तकं वाचली आहेत.

मी म्हटलं, "अक्का, उमाताईसुद्धा कुठं डोळ्यांनी वाचायच्या?" ही हकीकत मला फार आवडते. उमाताई जन्माने बेळगावच्याच. कानडी लिपीशी त्यांचं सख्य नव्हतं, म्हणून विरूपाक्ष कुलकर्णी कानडी पुस्तक मोठ्याने वाचून टेप करायचे आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत उतरवायच्या. नवऱ्याच्या आवाजातून आलेलं कानडी, बायकोच्या हातून उतरलेलं मराठी. भैरप्पांचं 'वंशवृक्ष' महाराष्ट्रात घराघरांत पोचलं ते असं, कानाच्या वाटेने. त्यांच्या 'संवादु अनुवादु' या आत्मकथनामध्ये हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

अण्णा तोवर बोलले नव्हते. आता म्हणाले, "मग तिला ऐकव की."

आणि त्यांनी पिशवीतून ती शिवलेली प्रत काढून माझ्या हातात दिली.

मी मोठ्याने वाचायला लागले. पहिली दोन पानं अडखळत गेली, पत्र्यावरचा पाऊस आणि माझा आवाज यांचं जमेना. मग पाऊस जरा मंदावला, आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर माझ्या लक्षात आलं की माझा आवाज बदललाय. रोज सोसायटीत खातेदारांशी बोलते तो आवाज नव्हता. शब्दाच्या शेवटी थोडं ओढून, थोडं वर नेऊन बोलायची आमच्या आजीची लकब होती, "काय वाचूलालीस गं?" असं ती दारातून विचारायची, तो हेल आपोआप आला. मी काही ठरवून केलं नव्हतं. ते वाक्यच तसं लिहिलंय, ते दुसऱ्या हेलात वाचताच येत नाही. आजीला जाऊन सतरा वर्षं झाली.

भाची सुरुवातीला मालिकेतलं पुढचं सांगत होती, "आता हे होणार, आता ते." नंतर थांबली. एका ठिकाणी म्हणाली, "हे त्यात नव्हतं." अण्णा लगेच म्हणाले, "नसणारच." पण आवाजात राग नव्हता. अक्का मधूनच एखादा शब्द उचलायच्या, "हा आमचा," म्हणायच्या. अण्णा म्हणायचे, "आमचाही." असे शब्द कुणाचे ते ठरवायची आम्हाला गच्चीवर कधी गरज पडली नाही. खाली रस्त्यावर कानडी-मराठी पाट्यांवरून काय काय होतं ते आम्ही चौघंही जन्मभर बघत आलोय.

थांबल्यावर अण्णांनी भाचीला प्रकाश संतांबद्दल सांगितलं. वडील ना. मा. संत १९४६ साली गेले तेव्हा हा मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा. आजोळी दत्तक गेला, कागदोपत्री नाव भालचंद्र दीक्षित झालं. पुढे कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. तरुणपणी थोड्या कथा लिहिल्या आणि मग कितीतरी वर्षं काही लिहिलं नाही. लंपनची चारही पुस्तकं आली ती उतारवयात. हे ऐकून भाचीने विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं त्यांनी ते लक्षात ठेवलं?" मला वाटतं आज गच्चीवर कुणी लंपनबद्दल नेमकं काही बोललं असेल तर ते तिने. हिवाळ्यात कडोलीला, उचगावला, कारदग्याला साहित्य संमेलनं भरतात. मांडवात खाली बसून बायाबापड्या दिवसभर ऐकतात आणि परत जाताना टेम्पोत त्यावर बोलतात. तिथल्या बोलण्यात असतो तसा प्रश्न होता हा, थेट.

निघताना मी अण्णांना म्हटलं, तुम्ही एक भाग तरी बघा, आजीसाठी. ते म्हणाले, "नाही बघणार. माझी आजी मला पुरे." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. त्यांनी बघावी असंच मला वाटतं. त्यांना आवडणार नाही, ते चार तास चुका काढतील, आणि मला त्या चुका ऐकायच्या आहेत. पण जे मी बोलले त्याबद्दल माफी मागायची राहिली. जिना उतरताना म्हणणार होते तर ते मधल्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "'शारदा संगीत' घेशील ना पुढं? त्यातलं गाण्याचं आलं की भराभरा वाचू नको." ते लंपनचंच पुढचं पुस्तक. मी "बरं" म्हटलं आणि दुसरं काही सुचलंच नाही.

आत्ता खोल्यांतले दिवे घालवायला गेले तर भाचीच्या खोलीत उजेड होता. अण्णांची प्रत इथेच राहिली आहे. ते ती विसरले असतील असं मला वाटत नाही. पालथी पडून, उशीवर पुस्तक टेकवून, बोट ओळीवर ठेवून ती वाचतेय. ओठ हलताहेत. दारातून मला नीट ऐकू आलं नाही, पण शेवटचा शब्द ती थोडा ओढून, थोडा वर नेऊन म्हणत होती.