टायर बदलताना कडेवरचे आकडे नीट वाचा

नवे टायर घेण्याआधी जुन्या टायरच्या कडेवरचे आकडे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरशी ताडून पाहा. आधी कुणीतरी चुकीचा साइज बसवलेला असू शकतो.

समजा, १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. बहुतेक जण इथेच थांबतात, पण घरच्या गाडीसाठी पुढचा ८८ फार महत्त्वाचा: एक टायर ५६० किलो भार पेलतो. हा आकडा जास्त चालेल, कमी अजिबात नको. पाच माणसं आणि सामान भरलं की कमी क्षमतेचा टायर तापतो आणि वेगात फुटू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा.

उत्पादनाची तारीखही बघा. २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा.

दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची झिजलेली चाकं आधी घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरणं फार अवघड जातं. पुढची घसरली तर वेग कमी करून ताबा मिळवता येतो.

बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि नवे व्हॉल्व्ह (हवा भरायच्या नळ्या) टाळू नका.