नाल्यापलीकडचा चहा

२०११ च्या जनगणनेत आमचं गाव एका ओळीत मावलं. आज ग्रामसभेचा निरोप देत पायी फिरलो. मधात कुणबी-तेल्यांची घरं, खालच्या अंगाला बुद्धविहार, नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, टेकडीखाली कोलामांचा पोड. तांड्यात निम्म्या दारांना कुलूप, माणसं ऊसतोडीला गेलेली.

पोडावर एका आजीनं कपाची कड पदरानं पुसून कोरा चहा दिला. म्हणाली, "बाबू, सभा तिकडं गावात असते. आमाले कोन सांगते?"

पोटात कालवलं. कातकरी, माडिया गोंड अन् कोलाम, राज्यात विशेष असुरक्षित आदिवासी समूह हे तीनच. त्यातला एक आमच्याच शिवारात, अन् मी तिथं आज पहिल्यांदा टेकलो.

पुढची सभा पोडावर घ्या, हे उद्या सकाळीच सरपंचताईंना सांगतो.