हशा नसलेला एपिसोड

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत इंग्रजी मालिकांना कॅप्शन लावायचं काम करते. नेहमीचं सबटायटल नाही, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठीचं, म्हणजे बोलणं तर येतंच पण दार आपटलं, फोन वाजला, मागे गाणं लागलं हे पण सगळं चौकटी कंसात लिहावं लागतं. ओळीत 42 अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. आणि सिटकॉम, म्हणजे मागे प्रेक्षकांचा हशा ऐकू येणारी विनोदी मालिका, असेल तर हशा, तो पण पात्र हसलं का प्रेक्षक हसले हे वेगवेगळं दाखवायचं.

त्या महिन्यात माझ्याकडे एट सिंपल रूल्स होती. एबीसी या अमेरिकन चॅनेलवर 17 सप्टेंबर 2002 ला सुरू झालेली, डेट्रॉइटजवळच्या उपनगरातलं एक घर, आई केट नर्स, बाबा पॉल पेपरात कॉलम लिहिणारा, आणि तीन मुलं. त्यातली मोठी ब्रिजेट. मालिकेचं मूळ लांबलचक नाव म्हणजे माझ्या टीनएज मुलीला डेट करायचे आठ साधे नियम, म्हणजे घरातली निम्मी भांडणं हिच्यामुळेच. केली कुओको, जी पुढे बिग बँग थिअरीत पेनी झाली, ती ब्रिजेट. बाबा म्हणजे जॉन रिटर. कपडे, फोन, मुलं, घरी यायची वेळ, यावरून त्या दोघांची जी जुंपते ना, ती मला फार खरी वाटायची, माझी मुलगी तेव्हा दहावीत होती आणि आमच्याकडे रोज हेच चालू होतं.

हशा कानाने ऐकायच्या आधी डोळ्यांनाच दिसतो. वेव्हफॉर्मवर, म्हणजे स्क्रीनवर आवाजाचा जो आलेख दिसतो त्यावर, बोलणं म्हणजे सुटे सुटे काटे, आणि हशा म्हणजे गवताच्या पेंढीसारखा, एकदम फुलतो आणि मग हळूहळू खाली बसतो. पंचवीसेक भाग झाल्यावर हात आपोआप चालायचा, पेंढी दिसली की टॅग, पेंढी दिसली की टॅग.

त्या दिवशी दुसऱ्या सीझनमधला गुडबाय नावाचा भाग उघडला, नेहमीच्या दुप्पट, तासाच्या स्लॉटचा. वेव्हफॉर्मवर एकसुद्धा पेंढी नाही. मला वाटलं ऑडिओची एक ट्रॅक यायची राहिली, चॅनेल सुटे करून बघितले, फाइल परत डाउनलोड केली, तेच. मग ऐकायला बसले. घरात फोन येतो, बाबा दुकानात गेलेला तिथेच कोसळला. मी हेडफोन काढून ठेवला आणि नेटवर शोधलं तेव्हा कळलं की हे नुसतं कथेत नाही. जॉन रिटरला 11 सप्टेंबर 2003 ला सेटवरच अस्वस्थ वाटायला लागलं, बरबँकमध्ये स्टुडिओच्या समोरच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं आणि त्याच रात्री तो गेला. आधी हार्ट अटॅक वाटलेला, पण महाधमनीचा आतला पदर फाटला होता. 54 वर्षांचा, सहा दिवसांनी पंचावन्नावा वाढदिवस, आणि तो गेला त्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या लेकीचा पाचवा. नव्या सीझनचे तीन भाग शूट झालेले होते ते दाखवले, आणि मग मालिकेतला बाबा पण गेला असं दाखवायचं ठरलं. 4 नोव्हेंबरला हा भाग लागला, प्रेक्षक न बसवता शूट केलेला. म्हणजे दोन महिने पण झाले नव्हते, केली कुओको तेव्हा फक्त सतरा वर्षांची, आणि ज्या माणसाशी रोज खोटं खोटं भांडायचं त्याच्यासाठी कॅमेऱ्यापुढे रडायचं. त्या मुलांना अभिनय म्हणून करायला काय उरलं असेल मला माहीत नाही, मला तरी ते रडणं खरं वाटलं.

कसाबसा पहिला ड्राफ्ट करून रिव्ह्यूला पाठवला. आमची रिव्ह्यूअर स्वतः जन्मापासून ऐकू न येणारी, बावीस वर्षांची, माझ्या समोरच्याच टेबलावर बसायची. या मालिकेचे सगळे भाग तिनेच तपासलेले. वीस मिनिटांनी उठून आली आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, ताई, या भागात कुणी हसतच नाहीये का तू लिहायची राहिलीस?

मी सुन्न झाले. ज्याला ऐकू येतं त्याला पहिल्या मिनिटातच कळतं की आज काहीतरी वेगळं आहे, घर रिकामं वाटतं, एकेक वाक्य नुसतं पडून राहतं. तिला हे कुणी सांगायचं? तिच्यासाठी माझं काम अर्धवट राहिलं होतं, बस.

क्यूसीच्या, म्हणजे शेवटची क्वालिटी तपासणाऱ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, अहो, जो आवाज नाहीये त्याची कॅप्शन कशी लावणार? चुकीचं बोलत नव्हते ते, क्लायंटचा नियमच होता की ऐकू येतं तेवढंच लिहा, मनाचं घालू नका. पण मी म्हटलं सर, आत्तापर्यंत प्रत्येक भागात आपण तिला हशा दाखवला, म्हणजे तो नाहीये हे पण आपणच सांगायला नको का. डिलिव्हरी सहाची. साडेचार वाजलेले. शेवटी ठरलं की अर्थ लावायचा नाही, हळहळ वगैरे शब्द आणायचे नाहीत, फक्त जिथे बोलणं खरंच थांबतं तिथे सायलेन्स एवढाच टॅग. पूर्ण भागात चार ठिकाणी.

ती आणि मी शेजारी बसून एकेक जागा बघितली. ब्रिजेटच्या चेहऱ्यावरच्या शॉटला मी टॅग दोन सेकंद ठेवला होता. तिने माझा हात धरून माउस पुढे सरकवला, शॉट संपेपर्यंत. मी काही बोलले नाही, तसंच ठेवलं. पावणेसहाला फाइल गेली. सरांनी सोबतच्या मेलमध्ये कारण स्वतः लिहिलं, आणि क्लायंटने चारही टॅग ठेवले.

पुढचे भाग करताना मी नुसती पेंढी शोधत होते. शेवटी एकदाची दिसली, छोटीशीच. टॅग टाकला, वळून तिच्या टेबलावर हात आपटला म्हणजे तिला जाणवावं, आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवली. ऑडियन्स लाफ्स. तिने वाचलं, परत वाचलं, आणि मला हाताने खूण केली, परत लाव, सुरुवातीपासून.