तुम्ही विचारलंत म्हणून: घरी जाऊन मी करते काय?

लग्नकार्यात कुणी माझी ओळख 'प्रोबेशन ऑफिसर' अशी करून दिली, की एखादी मावशी हमखास हळहळते, "अगं बाई, अजून कायम नाही केलं तुला?" मग सांगावं लागतं की प्रोबेशनवर मी नाही, मुलं असतात. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, की त्याच्या घरी जाणारी बाई ती मी. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "घरी जाऊन तुम्ही नक्की करता काय?"

विचारलंत, तर सांगते. मी चौकशी करते, आणि चौकशी कसली चालली आहे ते कुणाला कळू देत नाही. नोकरीतला सगळ्यात अवघड भाग हाच.

अशा मुलाला पोलिसांनी लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. आमच्या ठाणे जिल्ह्यात हे प्रकरण भिवंडीला जातं; निरीक्षणगृहही तिथेच. लोक अजून रिमांड होमच म्हणतात. पोलिसांनी कळवलं, की दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. मुलानं काय केलं ते पोलिसांच्या कागदात असतंच. तो कुणाबरोबर जेवतो, शाळा कधी सुटली, रात्री घरी कोण असतं, हे माझ्या कागदात यायला हवं. त्यासाठी शेजारी, दुकानदार, शिक्षक यांना विचारल्याशिवाय भागत नाही. आणि दुसरीकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मुलाचा खासगीपणा जपायला सांगितलेलं. त्याची ओळख छापली तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छापण्याचं सोडा, गल्लीत बातमी पसरायला छापखाना लागत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा चुकले. कळव्याच्या एका वस्तीत 'महाराष्ट्र शासन' लिहिलेल्या गाडीतून थेट दारापर्यंत गेले. पाय दुखत होते, दुसरं कारण नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं. मंडळानं त्या मुलाला समज देऊन सोडलं, पण वर्गातल्या पोरांनी त्याचं नाव 'भिवंडी रिटर्न' ठेवलं. तो पुन्हा शाळेत गेला नाही. माझा अहवाल चांगला झाला होता.

तेव्हापासून रिक्षा नाक्यावर सोडते आणि चालत जाते. खोटं बोलत नाही. शाळा सुटलेल्या मुलांची माहिती घेतेय म्हणते आणि खरोखरच चार घरं विचारते. त्यातलं एक घर त्याचं असतं. २०२४ पासून वेगळीच पंचाईत झाली आहे. महिला व बालविकास म्हटलं, की बायका आधार कार्ड घेऊन धावतात. लाडकी बहीण आमच्याच खात्याची ना! दिघ्याला एकदा पाऊण तास फॉर्मबद्दलच बोलत बसले. पण त्या गर्दीतच एकीनं सांगितलं, की 'त्या' मुलाची आई पहाटे तीनला वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत, भाजी निवडायला जाते आणि धाकट्या दोघांना शाळेसाठी तोच तयार करतो. मोटरसायकल चोरणाऱ्या टोळक्यात तो रात्रीचा का सापडला, ते कोडं तिथे सुटायला लागलं. वाण्यानं उरलेलं सांगितलं: बापाची उधारी पोरगाच फेडायचा.

"म्हणजे चोराला सोडायचं?" हाही प्रश्न येतो. सोडून देत नाहीत. मंडळ चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, म्हणजेच प्रोबेशनवर, जास्तीत जास्त तीन वर्षं पालकांच्या ताब्यात देऊ शकतं. त्या काळात मी जात राहते. दिघ्याच्या मुलाला मंडळानं असंच आईकडे दिलं. आयटीआयच्या प्रवेशासाठी त्याच्याबरोबर रांगेत मीच होते. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण?" मी काही बोलायच्या आत पोरगाच म्हणाला, "आत्या."

मागच्या महिन्यात ठाणे-पनवेल लोकलमध्ये तो दिसला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, बरोबर तीन मित्र. नजरानजर झाली, पण ओळख मी दाखवली नाही, त्यानंही नाही. रबाळ्याला एक जागा रिकामी झाली. मित्र बसायला वळला, तर यानं त्याचा दंड धरला.

"थांब रे," म्हणाला. "काकू, तुम्ही बसा."