तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याच्या खोल्या आहेत ना, मग स्वतःची जागा कशाला?

दारू सोडलेल्या बायकांच्या आमच्या ग्रुपला स्वतःची जागा हवी म्हणून देणगी मागायला कुणाकडेही गेले की हाच प्रश्न येतो, "ताई, काम चाललंय ना भाड्याच्या जागेत? आणि पिणाऱ्या बायका असून असून किती असणार?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

किती, ते आधी सांगते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला सर्व्हे २०१९ला आला, त्यात दारू घेणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के. आकडा छोटा वाटतो पण देशाच्या लोकसंख्येत मोजा, कितीतरी लाख बायका होतात, आणि यात मिश्री नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त चढते, लिव्हरही लवकर बिघडतं, आणि डॉक्टरकडे मात्र ती उशिरा पोचते कारण घरातली बाई पिते हे लपवायचं असतं. माझं तीन वर्षं लपवलं होतं. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, तिचं डोकं दुखतंय, झोपलीय.

आता जागेचं. ॲडमिट होण्यासाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभागही आहे. आमचा ग्रुप त्यानंतरचा, म्हणजे बाई बरी होऊन घरी आली, घर तेच, नवरा तोच, नाक्यावरचं दुकान तेच, तेव्हा आठवड्यातून तीन दुपारी येऊन बसायला, बोलायला, रडायला एक खोली. सात वर्षांत अशा चार खोल्या झाल्या. अकरा महिन्यांचा करार असतो, तो संपायच्या आत सोसायटीत कुणाला तरी कळतं की इथे "तसल्या" बायका येतात, मग मालक पार्किंगचं कारण सांगतो आणि आम्ही सतरंज्या, चहाचं पातेलं, कपाट टेम्पोत घालून निघतो.

सामानाचं काही वाटत नाही हो. पण दुसऱ्या जागेनंतर एक जण, दीड वर्ष सोबर होती, तिला स्लिप झाली, म्हणजे ती परत प्यायली, लाजेने यायची बंद झाली, फोन नवऱ्याच्या हातात, त्यामुळे नवा पत्ता तिला कळवायचा कसा तेच समजेना. एका दुपारी ती हिंमत करून जुन्या जागी गेली तर वॉचमन म्हणाला, ते बंद झालं. आम्ही तेव्हा फक्त दोन बस स्टॉप पुढे होतो. परत भेटली ती अकरा महिन्यांनी, सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत, कावीळ झालेली. म्हणून मी म्हणते की पत्ता हासुद्धा औषधाचाच भाग आहे. घसरलेल्या बाईला कुणालाही न विचारता, फोन न करता पाय नेतील तिथे दार सापडलं पाहिजे.

महर्षी कर्व्यांनी १९०० साली विधवांसाठीचा अनाथ बालिकाश्रम शहरातून हिंगण्याला हलवला, रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या जमिनीवर, एका झोपडीत. लोकांनी कमी बोललं नसेल. पण जागा स्वतःची होती म्हणून कुणी उठवू शकलं नाही, आणि आज त्या भागालाच कर्वेनगर म्हणतात.

शिवाय रात्रीचा प्रश्न आहेच. भाड्याच्या जागेत मालक संध्याकाळी सातनंतर कुणाला थांबू देत नाही, आणि बाईला घराबाहेर काढतात ते नेमकं रात्री, पुष्कळदा कडेवर पोर असतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनही धरलंय, आणि उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल शक्यतो वेगळं करू नये असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तोच विचार आमच्याकडेही हवा, पण खाटच टाकता येत नाही तर पाळणा कुठे बांधू?

तर जागा कशी हवी तेही सांगते. तळमजला, दोन खोल्या, आत संडास-बाथरूम, स्वारगेटहून एका बसने येता येईल अशी, आणि दार शक्यतो गल्लीत उघडणारं, म्हणजे आत शिरताना तिला कुणी बघणार नाही.