वार पडल्यानंतर

प्रसूतीच्या गोष्टी ऐकायला बसलं की त्या सगळ्या बाळाच्या पहिल्या रडण्यापाशी येऊन संपतात. कळा किती तास चालल्या, पाणी कधी गेलं, टाके किती पडले, मग बाळ रडलं, सगळ्यांचे डोळे भरले, झालं. गरोदरपणात मी अशा गोष्टी ढिगाने ऐकल्या. त्यात वारेच्या, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडणाऱ्या अवयवाच्या, वाट्याला जास्तीत जास्त एक वाक्य यायचं, "मग वार पडली", तेही उरकून टाकल्यासारखं. मला विचाराल तर बाळाला घेऊन घरी आल्यावरचे सुरुवातीचे दिवस समजून घ्यायचे असतील तर वारेपासूनच सुरू करावं लागतं.

पण आधी कळांबद्दल, कारण त्या टाळून कुणाला पुढे जाता येत नाही.

शेवटचे काही आठवडे खोट्या कळांनी मला चांगलंच फिरवलं. पोट कडक व्हायचं, मी घड्याळ बघायला लागायची, थोडं चाललं किंवा कूस बदलली की सगळं विरून जायचं. खऱ्या कळा आल्या तेव्हा फरक विचारावा लागला नाही. चाला, बसा, आडवं पडा, त्यांना काही फरक पडत नव्हता. कंबरेतून सुरू होऊन पुढे यायच्या आणि दोन कळांमधलं अंतर कमी होत जायचं. आम्हाला सांगून ठेवलं होतं की दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक साधारण मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघा. पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं. नवऱ्याने फोनवर कळा नोंदवायला घेतल्या. मी कळ सुरू झाली की बोट वर करायची, संपली की खाली. बोलायचं मला सुचत नव्हतं आणि त्यानेही शहाणपणा करून काही विचारलं नाही.

दवाखान्यात पोचल्यावर तपासून सांगितलं, गर्भपिशवीचं तोंड ३ सेंटिमीटर उघडलंय. मला वाटलं होतं निदान ७ तरी असेल. पुढे १० पर्यंत जायचं म्हणजे अजून किती, हा हिशोब मी लगेच मांडला. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "तो तासाला एक सेंटिमीटरचा हिशोब डोक्यातून काढा." जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हेच सांगितलंय: जोरदार टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरायचा, त्याआधीचा वेळ कुणाचा किती लागेल याला नियम नाही, आणि तासाला एक सेंटिमीटर हा वेग सगळ्यांकडून मागू नये. हे वाक्य मला आठ महिने आधी कुणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

मधल्या तासांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले, कमोडवर बसले, एका कुशीवर पडले. उघडण्याचा शेवटचा टप्पा आला तेव्हा हातपाय थरथरायला लागले, उलटी झाली आणि मी अगदी शांतपणे जाहीर केलं की आता पुरे, मला घरी जायचंय. सिस्टरनी नवऱ्याला सांगितलं, "असं म्हणायला लागल्या की समजायचं, आलं जवळ." मला राग आला. त्यांचं बरोबर होतं.

जोर लावायला सुरुवात झाल्यावर वेदनेची जातच बदलली. निदान करण्यासारखं काहीतरी मिळालं. डोकं बाहेर येताना जळजळ झाली, "आता जोर नको, नुसतं फुंका" असं सांगितलं गेलं, आणि मग मुलगी एकदम बाहेर घसरून आली. ओली, गरम, अंगावर पांढरा चिकट थर. माझ्या उघड्या छातीवर ठेवली. रडली, पण फार नाही. तक्रार नोंदवल्यासारखी.

मी कारखान्यात तपासणी विभागात आहे. माझ्या सहीशिवाय माल पुढे जात नाही. त्यामुळे अशा अवस्थेतही मला तिथली तपासणी दिसत होती आणि आवडत होती. पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला बाळाला गुण देतात: रंग, नाडी, चिडवल्यावर काय करतं, हातापायांतला जोर, श्वास. प्रत्येकी ० ते २. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत बसवली. हातपाय बहुतेकांचे सुरुवातीला निळसरच असतात, म्हणून पहिल्या मिनिटाला पूर्ण १० क्वचित मिळतात. आमच्या छोट्या बाईंना ८ मिळाले, मग ९. बास, पास.

नाळ लगेच कापली नाही. निदान मिनिटभर थांबतात, तेवढ्यात वारेत राहिलेलं बरंचसं रक्त बाळाकडे येतं. आणि मग मला मांडीत एक इंजेक्शन दिलं, पुन्हा एक कळ आली आणि वार पडली. जवळजवळ सगळ्यांचं लक्ष बाळाकडे होतं. एक सिस्टर मात्र ती ट्रेमध्ये घेऊन दिव्याखाली उलटसुलट करून बघत होत्या. तो हात मी ओळखला. तपासणाऱ्याचा हात.

"मला दाखवाल?" मी विचारलं.

त्यांनी आनंदाने दाखवली. कुणी विचारत नसावं बहुधा. साधारण अर्धा किलोची, ताटलीएवढी पसरट. माझ्या पिशवीला चिकटलेली बाजू गडद लाल, खंडाखंडांची. त्या एकेक खंड जुळवून बघत होत्या, कारण एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही. बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर राखाडी, आणि नाळेपासून पसरत गेलेल्या रक्तवाहिन्या हुबेहूब पानं झडलेल्या झाडासारख्या. नाळेच्या कापलेल्या टोकात त्यांनी तीन छिद्रं दाखवली: दोन रोहिण्या, एक नीला. पुस्तकाप्रमाणे. "पूर्ण आहे," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं.

हा अवयव नऊ महिन्यांसाठीच तयार झाला होता. बाळाचं फुप्फुस तोच, मूत्रपिंड तोच, यकृताचं बरंचसं काम त्याच्याकडे, जेवणही त्याच्यातून. शिवाय तो संप्रेरकं (हार्मोन्स) तयार करायचा, माझ्यात आणि तिच्यात दोघींत सोडायचा. आणि आता तो ट्रेमध्ये होता. दवाखान्यातून निघेपर्यंत याचा अर्थ मला पुरता लागला नव्हता. तो घरी लागला, एकेका प्रसंगाने.

आधी पोट. तिला पाजायला घेतलं की पोटात पुन्हा कळा यायच्या. हे काय आता, असं झालं मला. बाळ ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते दूधही खाली आणतं आणि पिशवीही आवळतं. पूर्ण दिवस भरलेल्या वारेकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. ती सुटल्यावर उघड्या राहिलेल्या त्या रक्तवाहिन्या पिशवीचे स्नायूच आवळून बंद करतात. म्हणजे ते दुखणं कामाचं होतं. प्रसूतीनंतर साधारण किलोभर वजनाची असलेली पिशवी ६ आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या खाली येते. रक्तस्राव काही आठवडे चालतो, लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पांढरट. तासाला एक मोठा पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गाठी पडल्या, किंवा ताप आला तर वाट बघायची नाही, हे आम्ही कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलं होतं.

मग भूक. तिची. नऊ महिने या बाईला भूक म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, साखर नाळेतून अखंड येत होती. आता पोट रिकामं होतं, भरतं, पुन्हा रिकामं होतं, आणि दर वेळी तिला ते नवीनच. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं हे नवजात बाळाचं सामान्य मानतात. मला ते आधी छापील वाचून बरंच सुटसुटीत वाटलं होतं. सुरुवातीला येतो तो चीक, दाट, पिवळसर, चमच्यात मावेल एवढा. "एवढ्याने काय होणार?" असं माझ्या आईने निदान तीनदा विचारलं. एवढ्याने होतं, पोटही तेवढंच असतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, आणि ते दहा टक्क्यांच्या आसपास गेलं तर तपासायचं असतं. खरी खूण लंगोटात दिसते. डांबरी काळी शी हिरवट होऊन मग पिवळी झाली, शूचे लंगोट रोज वाढत गेले, आणि आईचा प्रश्न आपोआप थांबला.

स्तनाग्रं मात्र सोलवटली. एक सल्लागार बाई येऊन गेल्या, तिचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला शिकवलं, नुसतं अग्र नाही तर खालचा काळा भागही तोंडात जायला हवा हे हाताने दाखवलं. त्यानंतर सुधारलं. याबाबतीत लोक "सहन कर, होईल सवय" म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. दुखतंय म्हणजे बहुतेक वेळा पकड चुकतेय, कुणालातरी दाखवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन गोष्टी एकत्र झाल्या. पान्हा फुटला, छाती टणक, कपडे भिजलेले. आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा नवऱ्याच्या हातून मोडला म्हणून मी अर्धा तास रडले. चिमटा प्लास्टिकचा होता. मला हसूही येत होतं आणि थांबताही येत नव्हतं. वार असते तोवर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर असतं आणि तेच दुधाला अडवून धरतं. वार गेली की ते झपाट्याने कोसळतं, अडसर निघतो आणि दूध येतं. इस्ट्रोजेनही त्याच वेळी कोसळतं, आणि या उतरणीचा, न झालेल्या झोपेचा, सगळ्याचा मिळून मनावर भार येतो. असं रडू बहुतेक बायांना येतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. ओसरलं नाही, बाळ झोपलं तरी झोप लागेना, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटू लागलं तर तो आजार असतो आणि त्याला उपचार असतात. माझं ओसरलं. माझ्या एका मैत्रिणीचं ओसरलं नव्हतं, आणि तिला सगळे "आनंदी राहा" एवढंच सांगत राहिले, याचा मला अजून संताप येतो.

त्याच सुमारास एका सकाळी तिच्या लंगोटात रक्ताचे दोन ठिपके दिसले. माझे हातपाय गळाले. शिवाय तिची इवलीशी छातीही फुगलेली. एका वयस्क नातेवाईक बाईंनी फोनवर सांगितलं, "दाबून काढा दूध, गाठ होईल." डॉक्टर बाईंनी नेमकं उलट सांगितलं: हात लावायचा नाही, दाबलं तर जंतुसंसर्ग होतो, आपोआप बसेल. आणि रक्ताबद्दल त्या म्हणाल्या, "तुमची संप्रेरकं तिच्यात होती, ती आता उतरतायत. म्हणून तिच्या पिशवीचं अस्तर थोडं सुटलं. मुलींमध्ये होतं कधी कधी."

मी घरी येताना तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे मी चिमट्यासाठी रडत होते तेव्हा ही पण त्याच उतरणीवर होती. दोघींचा पुरवठा एकाच ट्रेमध्ये गेला होता.

काविळीचंही तेच. पोटात असताना बाळाचं पित्तरंजक (बिलिरुबिन, कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) वारेतून माझ्याकडे यायचं, माझं यकृत ते निस्तरायचं. आता तिच्या नवख्या यकृतावर पडलं, त्यात जन्मानंतर जादा तांबड्या पेशी फुटत असतात. पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांना थोडी कावीळ होते. पहिल्या २४ तासांत दिसली तर ती गंभीर समजून लगेच दाखवायची असते. तिची नंतर दिसली, चेहऱ्यावरून छातीपर्यंत उतरली, टाचेतून रक्त घेतलं, पित्तरंजकाचा आकडा उपचाराच्या दिव्याखाली ठेवण्याच्या रेषेच्या खाली निघाला. भरपूर पाजा, पुन्हा दाखवा. काचेतून येणाऱ्या उन्हात ठेवायचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. डॉक्टरांनी त्यावर विसंबू नका म्हणून बजावलं.

रात्री नवरा तिच्या छातीवर बोटं ठेवून बसायचा. नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मग काही सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू. या थांबण्यात तो आयुष्याची काही वर्षं गमावून बसला असेल. पाठीवर झोपवायचं, सपाट घट्ट गादी, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत, एवढं पाळलं आणि बाकीचं तिच्यावर सोडायला तो हळूहळू शिकला. अजून शिकतोय.

नाळेचा वाळलेला देठ १ ते ३ आठवड्यांत पडतो. काही लावायचं नाही, कोरडा ठेवायचा, लंगोट खाली दुमडायचा. तो एका दुपारी कपडे बदलताना दुपट्यात सापडला, काळा, कडक. नवऱ्याने चिमटीत धरून विचारलं, "ठेवायचं का हे?" मी म्हटलं, टाक. तो दोन दिवस टाकत नव्हता, मग मीच टाकला.

पुढच्या तपासणीला तिचं वजन जन्माच्या वजनाच्या वर गेलेलं होतं. त्या वाढलेल्या ग्रॅमचं श्रेय घ्यायला घरात बरेच उमेदवार निघाले. आई म्हणाली मालिशीमुळे, नवरा म्हणाला त्याच्या रात्रपाळीमुळे. मी कुणालाही दिलं नाही. नऊ महिने वारेने पोसलं होतं तिला, हे ग्रॅम माझे होते.