डिस्ने वर्ल्डची पहिली वारी : पाच पोटं, चार दिवस आणि डिकीत राहिलेला डबा

पहिल्या दिवशी आमचं दुपारचं जेवण गाडीच्या डिकीत होतं आणि आम्ही तळ्याच्या पलीकडे.

हे कसं झालं ते आधी सांगते, कारण पुढच्या तीन दिवसांचं शहाणपण त्याच दुपारी आलं. ऑर्लँडोजवळ किसिमीला आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर आठवडाभरासाठी भाड्याने घेतलं होतं. माणसं पाच: मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई शाकाहारी. मुलगा ‘पांढरं आणि पिवळं’ एवढंच खाणारा. तिकिटांनीच एवढे पैसे खाल्ले होते की आपण खाताना हात आखडता घ्यायचा, हे निघतानाच ठरलं होतं. म्हणून पहाटे उठून सँडविचेस केली, कूलरमध्ये बर्फ भरला, डबे रचले आणि कूलर डिकीत ठेवला. दुपारी गाडीपाशी यायचं, खायचं, पुन्हा आत जायचं, असा बेत.

मॅजिक किंगडमला हा बेत चालत नाही. डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी १९७१ साली उघडलेलं हे सगळ्यात जुनं, आणि त्याचं पार्किंग पार्कच्या दाराशी नाहीच. गाडी लावायची ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरपाशी, आणि तिथून मोनोरेलने नाहीतर फेरीबोटीने तळ्यापलीकडे. सकाळी बोटीच्या कठड्याला टेकून समोरचा किल्ला मोठा होत जाताना बघण्यात सगळे इतके गुंग झालो, की कूलर कुणालाच आठवला नाही. साडेबाराला मुलाने भोकाड पसरलं तेव्हा हिशेब केला. जाऊन-येऊन तास-सव्वा तास सहज. बाहेर पडणं, बोट, गाडी शोधणं, परत बॅगतपासणी.

नवऱ्याने डिस्नेचं ॲप उघडून जेवण मागवायला घेतलं, तर सगळ्यात जवळची वेळ पावणेदोनची. मग जे हाताशी दिसलं ते घेतलं. पॉपकॉर्न, दोन प्रेट्झेल, मिकीच्या कानांचं आइस्क्रीम, पाण्याच्या चार बाटल्या. वर पावणेदोनला जेवणही झालंच, कारण आइस्क्रीमने कुणाचं पोट भरतं? त्या एका दुपारचं बिल दीडशे डॉलरच्या जवळ गेलं. संध्याकाळी डिकी उघडली तेव्हा फ्लोरिडातल्या जूनच्या उन्हाने बर्फाचं कोमट पाणी केलं होतं. सँडविचेस टाकून दिली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं.

त्या रात्री लक्षात आलं की आमचे पैसे महाग पदार्थांनी नेले नव्हते, चुकीच्या वेळी लागलेल्या भुकेने नेले होते. मग कुठे काय खायचं याच्या याद्या बाजूला ठेवल्या आणि कुणाला किती वाजता भूक लागते ते लिहून काढलं. मुलगा अकराला. मुलगी कधीही. सासूबाई एकच्या ठोक्याला. नवरा म्हणाला, त्याला भूक लागत नाही. (तोच पहिला चिडतो.)

आता जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. या आधी माहीत असत्या तर मी डबा डिकीत ठेवलाच नसता.

बाहेरचं खाणं चारही पार्कांत आत नेता येतं. स्वतःसाठी असावं, गरम करायची गरज नसावी, काचेच्या बाटल्या-बरण्या नकोत (तान्ह्या बाळाच्या खाण्याच्या छोट्या बरण्या चालतात), दारू नको. सुटा बर्फ चालत नाही, म्हणजे आमचा तो बर्फाने भरलेला कूलर आठवणीने आणला असता तरी दारातच अडला असता. बर्फाऐवजी पुन्हा गोठवता येणारे आइस पॅक घ्या. कूलर २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच यापेक्षा मोठा नको. आम्ही दुसऱ्या दिवसापासून मऊ कापडी कूलरबॅग पाठीवर घेतली. रात्री पाण्याच्या दोन बाटल्या अर्ध्या भरून गोठवायच्या, सकाळी वर पाणी भरायचं. त्या डब्यांना थंड ठेवतात आणि दुपारी पिता येतात. तपासणीच्या रांगेत बॅगेची चेन आधीच उघडून ठेवा.

पाणी विकत घेऊ नका. बाटली चार डॉलरच्या आसपास पडते, आणि त्या उकाड्यात पाच माणसं दिवसाला किती बाटल्या रिचवतील ते तुम्हीच मोजा. जिथे यंत्रातून शीतपेयं भरून देतात अशा कुठल्याही काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मिळतो. फक्त मागायचा, दुसरं काही घ्यावं लागत नाही. पहिल्या दोन वेळा मला उगाच लाजल्यासारखं झालं. तिसऱ्या वेळी मी पाच ग्लास मागितले. नळाच्या पाण्याला तिथे जरा गंधकाचा वास येतो, मुलं तोंड वाकडं करतात. सरबताच्या पावडरीची पाकिटं बरोबर ठेवली की प्रश्न मिटतो.

नाश्ता घरी, आणि भरपेट. अंडी, ब्रेड, फळं, दूध. आल्या दिवशीच सुपरमार्केटात जाऊन आठवड्याचं सामान भरलं होतं. देशाबाहेरून येणाऱ्यांनी ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ बरोबर आणू नयेत, विमानतळावर काढून घेतात. बाकी जे खाण्याचं असेल ते जाहीर करा. सगळं तिथे मिळतं, उगाच बॅगेचं वजन वाढवू नका.

दुसरा दिवस ॲनिमल किंगडमचा. इथे पार्किंग दाराशी आहे, पण आता आम्ही पोळलेले होतो, डबा पाठीवरच होता. मोबाइल ऑर्डर कशी वापरायची तेही इथेच कळलं. माय डिस्ने एक्स्पिरियन्स नावाच्या ॲपवर जेवण निवडायचं, वेळेचा टप्पा निवडायचा, तिथे पोचल्यावर ‘मी आलोय’ असं बटण दाबायचं. मग स्वयंपाक सुरू होतो. गोम अशी की ऑर्डर भूक लागल्यावर नाही, सकाळी पहिल्या राइडच्या रांगेत उभं असतानाच टाकायची. पैसे लगेच कापले जात नाहीत, बटण दाबल्यावर जातात. त्यामुळे बेत बदलला तरी बिघडत नाही.

पंडोरा भागातल्या सातूली कँटीनमध्ये आम्ही अकराला जेवलो. साडेअकरा ते दीड ही सगळ्या जगाची जेवायची वेळ, ती टाळली की निम्मी कटकट संपते. इथे वाडगा मिळतो: खाली भात किंवा नूडल्स किंवा बटाटा, वर चिकन, बीफ किंवा टोफू, आणि आवडीचा सॉस. सासूबाईंनी टोफू घेतला. मेनूत शाकाहारी शोधत बसू नका, हिरव्या पानाचं चिन्ह बघा. त्यात दूध, अंडं, मध, काहीच नसतं. पाच जणांत आम्ही मोठे तीन आणि मुलांचा एक असे चार वाडगे घेतले आणि तरी उरलं. पुढचे सगळे दिवस हाच नियम: माणसं मोजून एक कमी मागवायचं, लागलं तर वाढवायचं. एकदाही लागलं नाही.

मुलांच्या मेनूबद्दल एक सांगायलाच हवं. तो तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी. दहावं लागलं की तुमचं लेकरू डिस्नेच्या हिशेबात मोठं माणूस होतं आणि बुफेत मोठ्यांचं ताट मोजलं जातं. आमची मुलगी अकराची, वजन बत्तीस किलो, खाणं चिमणीचं. मिकी-मंडळी टेबलापाशी येऊन भेटतात त्या कॅरेक्टर जेवणाला मोठ्यांचे माणशी पन्नास डॉलरच्या पुढे लागतात. असे चार मोठे आणि एक लहान असा हिशेब मांडला आणि तो बेत तिथेच सोडला. मिकी पार्कात रांग लावूनही भेटतो, फुकट. पण काउंटरवाल्या ठिकाणी मुलांचा मेनू कुणीही मागवू शकतं, वय कुणी विचारत नाही. मुख्य पदार्थ, बाजूला फळं किंवा तसलंच काही, आणि छोटं पेय. भर उन्हात मलाही तेवढंच पुरायचं.

एक जेवण मात्र आम्ही मुद्दाम मोठं ठेवलं होतं, आणि त्यासाठी बाकीची काटकसर सुखाने केली. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या किदानी व्हिलेजमधलं सना नावाचं रेस्टॉरंट. तिथे राहायची गरज नाही, आरक्षण पुरे. आरक्षणं ६० दिवस आधी उघडतात, आणि सकाळी लवकर उठून मी ते केलं होतं. खिडकीपलीकडे गवताळ माळ, त्यावर जिराफ आणि झेब्रे. जूनमध्ये सव्वाआठपर्यंत उजेड असतो, पण थंडीत जाणाऱ्यांनी जेवणाची वेळ लवकरची घ्या, अंधारात जिराफ दिसायचे नाहीत. तिथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे: नानसारख्या भारतीय पद्धतीच्या रोट्या आणि बरोबर नऊ प्रकारच्या चटण्या, लोणची, रायती. मेनूत ती जेवणाआधीची म्हणून आहे. आम्ही तिचंच जेवण केलं, वर दोन मुख्य पदार्थ पाच जणांत. “इतकं लांब येऊन नानच खायचा होता तर!” असं म्हणत सासूबाईंनी चटण्यांच्या वाट्या ओळीने संपवल्या. मग जिराफ अगदी जवळ आला आणि त्यांचा घास हातातच राहिला.

बिलाकडे बघताना लक्षात ठेवा: मेनूतल्या किमतीत कर धरलेला नसतो. पार्कांच्या भागात तो साडेसहा टक्के. टेबलावर आणून देणाऱ्या ठिकाणी वर १८ ते २० टक्के टिप. म्हणजे शंभराचं जेवण सव्वाशेचं होतं. काउंटरवर टिप लागत नाही, म्हणून तर ती ठिकाणं परवडतात.

एपकॉट हे खिशाला भोक पाडणारं पार्क आहे, आणि मला सगळ्यात आवडलेलंही तेच. तळ्याभोवती अकरा देश, साधारण दोन किलोमीटरची फेरी, आणि दर पन्नास पावलांवर काहीतरी तळलेलं, भाजलेलं, क्रीम लावलेलं. एकेक वस्तू फार महाग वाटत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. आम्ही सकाळी मुलांना सांगितलं: प्रत्येकाला एक देश, एक पदार्थ, आणि तो सगळ्यांनी वाटून खायचा. मुलीने नॉर्वे निवडून स्कूल ब्रेड घेतला, क्रीम आणि खोबऱ्याचा. मुलगा सगळे देश फिरून शेवटी कुठल्याच देशाचे नसलेले पॉपकॉर्न मागू लागला. नवऱ्याने आणि मी फ्रान्सच्या बेकरीत एक लांबलचक बगेत सँडविच अर्धं अर्धं खाल्लं. पोट भरणारं आणि त्यातल्या त्यात स्वस्त असं तिथे तेच दिसलं. सासूबाईंनी आपला देश राखून ठेवला आणि परत फिरताना पुन्हा नॉर्वेला नेलं.

एपकॉटमधलं क्लब कूल चुकवू नका. जगातल्या निरनिराळ्या देशांची कोका-कोलाची पेयं तिथे छोट्या कपातून फुकट चाखायला मिळतात. त्यात बेव्हर्ली नावाचं इटलीचं एक कडू पेय आहे. ते काय आहे हे घरातल्या अतिशहाण्या माणसाला न सांगता पाजा. आमच्याकडच्याचा चेहरा अजून फोनमध्ये आहे.

पॉपकॉर्नची बादली घ्यावी का? आम्ही घेतली. पहिल्यांदा महाग वाटते, पण नंतर दोन-अडीच डॉलरच्या आसपास भरून मिळते, आणि एका पार्कात घेतलेली दुसऱ्यातही चालते. मुलाच्या रडण्यावर एवढा स्वस्त उपाय मला तिथे दुसरा सापडला नाही. जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या डायनिंग प्लॅनच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. तो डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांनाच मिळतो, आणि एवढं खाणारं आमच्यात कुणी नाही. हॉलिवूड स्टुडिओज आम्ही सोडलं, त्यामुळे तिथलं काही सांगत नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा मॅजिक किंगडम. मला सूड घ्यायचा होता. कूलरबॅग पाठीवर, नाश्ता पोटात, अकराची ऑर्डर बोटीतूनच टाकलेली. हाँटेड मॅन्शन या राइडजवळच्या कोलंबिया हार्बर हाउस या काउंटरवाल्या ठिकाणाचा जिना चढून वर गेलात की खालच्या गर्दीपासून सुटका होते. थंडगार, अंधारं, लाकडी टेबलं. सासूबाई तिथे पाऊण तास बसल्या आणि आम्ही दोन राइड करून आलो. तीनला ढग फुटले, उन्हाळ्यात तिथे तो रोजचाच कार्यक्रम, तेव्हा आडोशाला उभं राहून डबे उघडले. चीज सँडविच, सफरचंदाच्या फोडी, शेंगदाणे. साडेचारला ॲडव्हेंचरलँडमध्ये अननसाचं डोल व्हिप, म्हणजे मऊ आइस्क्रीमसारखा पदार्थ, दोन कप आणि पाच चमचे. त्यात दूध नसतं, त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांनाही खाता येतं. रात्रीचं जेवण पाचला उरकलं, म्हणून आतषबाजीच्या आधीची रांगांची झुंबड आम्ही लांबूनच पाहिली.

परतीच्या बोटीत मुलगा माझ्या मांडीवर झोपला. नवऱ्याने बॅग चाचपून बघितली, तळाशी एक सँडविच उरलं होतं. त्याचे त्याने चार तुकडे केले. मग सासूबाईंनी आपल्यातला अर्धा मोडून कागदात गुंडाळला, मुलगा उठला की द्यायला.